बाजूला ठेवायचं होतं

लोक कॉम्प्युटर बिघडवून माझ्याकडे आणतात, त्याचा मला राग नाही. त्यावर तर माझं पोट चालतं. राग येतो तो बिघडल्यावर घरी स्वतःच खटपट करून मग आणतात त्यांचा. काटा रुतला म्हणून सुरीने पाय कोरून यायचं आणि वर डॉक्टरला विचारायचं, बरा होईल ना. गेली बावीस वर्षं मी एकच ओरडतोय: काही झालं की हात लावू नका, मला फोन करा. गिऱ्हाइकं पाठीमागे मला खडूस म्हणतात, माहीत आहे मला. म्हणोत बापडी.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे जे झालं ते कुणा अडाण्याच्या हातून झालं नाही. ते माझ्या हातून झालं.

गुरुवारी सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

"भावोजी, कॉम्प्युटरवर लाल पडदा आलाय. कुलूप लावलंय म्हणतो. काहीच उघडत नाही. ह्यांचं सगळं त्यातच आहे हो."

"हात लावू नका. भिंतीतलं बटण बंद करा, इंटरनेटची वायर काढा. आलोच," मी म्हणालो आणि शटर पुन्हा खाली ओढलं.

'ह्यांचं सगळं' म्हणजे काय, ते सांगायला हवं. हे म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. फळांच्या घाऊक बाजारात एकतीस वर्षं लिलाव पुकारायचा. त्याचा आवाज गोड वगैरे अजिबात नव्हता. घोगरा, फाटका, पण दणदणीत. त्याने "एक वार, दोन वार" म्हटलं की चार गाळे पलीकडचा माणूस चहाचा कप खाली ठेवायचा. घरातही तो तसाच बोलायचा. मीठ मागितलं तरी लिलाव काढल्यासारखं वाटायचं. लहानपणी मी त्याचा रेडिओ उघडून पुन्हा जोडू शकलो नव्हतो, तेव्हापासून मला तो पान्या म्हणतो. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी दारातूनच हाक: "पान्या, आहेस का मेलास?"

गेल्या वर्षाअखेरीस त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर सरळ माणूस होता, म्हणाला, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. दादाने विचारलं, "उलटं नाही का करता येणार?" डॉक्टरला हसावं की नाही ते कळेना.

मग इस्पितळातल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी एक वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी दादाने सहाशे वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायची. ती एका कंपनीला पाठवायची. त्यातून ते लोक त्याच्याच आवाजासारखा आवाज तयार करून देतात. पुढे दादा फोनवर टाईप करणार आणि फोन त्याच्या आवाजात बोलणार. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की घरी आल्यावर बायकोसमोर रडलो. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर लावून दिला, चांगला माइक दिला, आणि सगळ्याची दुसरी प्रत राहावी म्हणून एक जादा डिस्क जोडून दिली. वहिनींना बजावलं, ही डिस्क काढायची नाही, कायम लावूनच ठेवायची.

वाक्यांची यादी बाईंनीच दिली होती. एकेक वाक्य म्हणजे कहर. 'कृपया खिडकी उघडाल का?' 'माझ्या बहिणीकडे सात निळ्या छत्र्या आहेत.' दादा म्हणाला, "पान्या, मला बहीण नाही. असती तरी तिला सात छत्र्या कशाला लागतात? आणि कृपया मी जन्मात कुणाला म्हटलं नाही. आता गळा कापायच्या वेळी शिकू?" पण वाचली त्याने. सोळा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ, खोलीचं दार लावून. मध्ये कुणी यायचं नाही, बाहेर कुणी बोलायचं नाही. वहिनी स्वयंपाकघरात नळसुद्धा बारीक सोडायच्या. सहाशे संपली तरी तो आणखी तीन दिवस आत बसत होता. विचारलं तर म्हणाला, "चुकलेली पुन्हा म्हणतोय."

ऑपरेशन झालं. दादा घरी आला तेव्हा मानेच्या खालच्या बाजूला एक भोक होतं, त्यावर पातळ कापडाचा पट्टा, आणि श्वास तिथूनच. नळीतून पातळ खाणं. हातात एक छोटी पांढरी पाटी आणि काळं पेन. कंपनीची मेल येईल, तीत सांगतील तशा फाइली पाठवायच्या, असं बाईंनी सांगून ठेवलेलं. वहिनी तीन आठवडे त्या मेलची वाट बघत होत्या. बुधवारी संध्याकाळी मेल आली: तुमच्या फाइली आम्हाला मिळाल्या नाहीत, सोबतचा फॉर्म उघडा. असली मेल रोज लाखो लोकांना जाते, चोर जाळं टाकून बसलेलेच असतात. दुसरं कुणी असतं तर कसल्या फाइली म्हणून पुसून टाकली असती. वहिनींनी घाईघाईने उघडली. सकाळी लाल पडदा.

मी पोचलो तेव्हा दादा मागच्या खोलीत खाटेवर बसला होता. पाटी माझ्यासमोर धरली. "आहे ना?"

"असणार. जातंय कुठे," मी म्हणालो.

खिशातून पेन ड्राइव्ह काढला. हा माझा नेहमीचा, गिऱ्हाइकांकडे घेऊन जातो तो. वहिनी विचारत होत्या म्हणून त्यांना समजावलं. चोर घरात शिरलेला असताना त्याच घराच्या दिव्याखाली त्याला शोधायचं नसतं. तो दिवाच विझवतो. म्हणून कॉम्प्युटर त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून चालू न करता या पेन ड्राइव्हवरून चालू करायचा. चोराला कळतच नाही आपण जागे झालोय. आपण बाहेरून आत बघायचं, एकेक खोली तपासायची, आणि सापडेल त्याला पकडायचं. वहिनींनी मान हलवली. बटण दाबलं, पडद्यावर पांढरी अक्षरं धावली, तपासणी सुरू झाली.

आता इथे मी पहिली चूक केली, आणि ती चूक आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. काहीही साफ करण्याआधी आख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढून ठेवायची असते. मी स्वतः दहा जणांना हे शिकवलंय. न करणाऱ्याला चारचौघांत झापलंय. चार तास लागतात त्याला. पण पाठीमागे दादा बसला होता, आणि त्याच्या मानेतून श्वासाचा आवाज येत होता. शिट्टीही नाही, घरघरही नाही, नुसती हवा. तो माणूस एका खोलीत असला की त्या खोलीत दुसऱ्याला बोलायला जागा मिळायची नाही, आणि आता तिथे नुसती हवा ऐकू येत होती. मला ते सहन होत नव्हतं. कधी एकदा ते काम उरकतोय आणि त्याच्या फाइली त्याच्या समोर टाकतोय असं मला झालं होतं. नक्कल नंतर काढू म्हटलं. लोकांना अक्कल शिकवणारा मी, म्हटलं नंतर काढू.

पावणेदोन तासांनी तपासणी संपली. दोनशे चौदा घाणेरड्या गोष्टी सापडल्या. प्रोग्रॅम विचारतो, हे सगळं हटवायचं की बाजूला एका बंद कप्प्यात ठेवायचं. मी आयुष्यात कधी बाजूला ठेवलं नाही. आमच्या धंद्यातले बाकीचे ठेवतात, मी त्यांना हसतो. घाण पिशवीत बांधून पुन्हा घरातच ठेवायची कशाला? मी 'सगळं हटवा' दाबलं. दोन सेकंदांत साफ. दादाने मागून माझ्या पाठीवर थाप मारली. जुन्यासारखीच, जोराची.

पेन ड्राइव्ह काढला, कॉम्प्युटर त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून चालू केला. लाल पडदा गेला होता. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मी रेकॉर्डिंगचा फोल्डर उघडला. सहाशे नावं ओळीने उभी होती, पण प्रत्येक नावामागे विचित्र अक्षरांचं शेपूट. पहिलं दाबलं. उघडेना. दुसरं, दहावं, शेवटचं. चोर पकडला होता, पण त्याने लावलेली कुलपं तशीच होती. जादा डिस्क बघितली. तीही कायम जोडलेली, मीच तसं बजावलेलं, त्यामुळे तिच्यातल्या फाइलींनाही तेच शेपूट.

आणि त्या सहाशेंच्या खाली आणखी एक फोल्डर होता. नाव 'घरचे'. मी तो उघडला तर आत 'हिला १', 'हिला २', असं करत 'हिला २३' पर्यंत. सगळ्यांत शेवटी एकच फाइल, 'पान्याला'.

दादा खाटेवरून उठला. माझ्या हातातून माउस घेतला आणि तो फोल्डर बंद केला. कान लाल झाले होते त्याचे. ते शेवटचे तीन दिवस तो चुकलेली वाक्यं म्हणत नव्हता तर.

वहिनींनी ते वाचलं होतं. मी कॉम्प्युटर उचलून दुकानात न्यायला निघालो, तेव्हा दारापर्यंत आल्या.

"भावोजी, मीच उघडली ना ती मेल. माझ्या हाताने घालवला मी ह्यांचा आवाज."

"असं काही नाही वहिनी, फसवणारे हुशार असतात, तुमचा काय दोष," मी म्हणालो. पण खोटं कशाला बोलू, मनात म्हणत होतो, हो, तुम्हीच. एवढी वर्षं घसा फोडून सांगतोय, अनोळखी मेल उघडू नका. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला लगेच दिसतं.

दुकानात आल्यावर दोन-तीन कुलूपबंद फाइली मास्तरांना पाठवल्या. मास्तर म्हणजे मला हा धंदा ज्यांनी शिकवला ते. आता थकलेत, घरीच असतात, पण असली कुलपं कशी तुटतील याचाच दिवसभर अभ्यास. जगभरचे लोक त्यांना विचारतात.

शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला. आनंदात होते.

"अरे, उघडतंय हे. ज्याने हा व्हायरस लिहिला तो अर्धा कच्चा आहे. कुलूप लावताना किल्लीचा एक तुकडा तो त्याच मशीनवर, स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवून जातो. छोटी फाइल असते. ती पाठव मला. संध्याकाळपर्यंत सगळं मोकळं करून देतो."

ती फाइल कुठे गेली ते मला ऐकता ऐकताच कळलं.

"तपासणीत ती व्हायरसमध्येच मोजली गेली असेल," मास्तर पुढे बोलत होते, "तुझ्या बंद कप्प्यात बघ, तिथे असेल."

"मास्तर, मी बाजूला नाही ठेवलं. हटवलं."

"बरं. मग नक्कल काढली असशील ना, तिच्यातून घे."

"नक्कल नाही काढली."

मास्तर म्हणाले, "तू?" एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी मी विचारलं, दुसरा काही मार्ग? म्हणाले, "तो तुकडा नसेल तर आता ज्याने कुलूप लावलं त्यालाही ते उघडता येणार नाही. हटवलेलं परत मिळतंय का बघ. लवकर बघ."

बघितलं. शुक्रवार, शनिवार, रविवार, दुकान बंद ठेवून बघितलं. पुसलेलं परत काढायची जेवढी अवजारं माझ्याकडे होती तेवढी चालवली, नव्हती ती मागून आणली. पण तो माझा लाडका प्रोग्रॅम हटवतो म्हणजे नुसतं हटवत नाही, त्या जागेवर शून्यं लिहून टाकतो. त्यासाठीच तर मी तो बावीस वर्षं वापरतोय, लोकांना कौतुकाने सांगतोय. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. सोमवारी सकाळी मास्तरांना कळवलं. ते म्हणाले, "सोड आता."

या दिवसांत वहिनी रोज सकाळी फोन करायच्या. मी म्हणायचो, प्रयत्न चालू आहेत. त्या म्हणायच्या, "माझ्यामुळे तुमचं दुकान बंद पडलंय." शेजारीण भेटायला आली तर तिलाही त्यांनी सांगितलं, मीच घालवला ह्यांचा आवाज. बायकोने मला हे सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही काय म्हणालात त्यांना?" मी काही म्हणालो नव्हतो. चार दिवस त्या माझं पाप डोक्यावर घेऊन हिंडत होत्या आणि मी त्यांना हिंडू देत होतो. शरम वाटायला हवी होती आणि वाटतही होती, पण फोन आला की तोंडातून तेच निघायचं, प्रयत्न चालू आहेत.

मंगळवारी कॉम्प्युटर परत घेऊन गेलो. दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले होते. दादाच्या समोर पाटी. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा इकडचं तिकडचं बोलत राहिलो असतो.

"वहिनी, तुम्ही मेल उघडली म्हणून कुलूप लागलं, हे खरं. पण ते कुलूप उघडणार होतं. किल्ली याच मशीनमध्ये होती. मास्तरांनी एका दिवसात उघडून दिलं असतं. गुरुवारी, तुमच्या दोघांच्या समोर, मी ती किल्ली घाण म्हणून टाकून दिली. बाजूला ठेवायची होती, मी टाकली. नक्कल काढायची होती, काढली नाही. शुक्रवारपासून मला हे माहीत आहे. तुमच्यामुळे गेला नाही त्याचा आवाज. माझ्यामुळे गेला."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता चिडतील. चिडायला हव्या होत्या.

"म्हणजे आता उघडणारच नाही?"

"नाही."

"कधीच?"

"नाही, वहिनी."

दादा माझ्याकडे बघत नव्हता. पेनचं टोपण काढत होता, लावत होता. वहिनींनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्याच्याकडे वळल्या.

"अहो, त्यात तेवीस माझ्या नावाने होती ना? मी बघितली होती नावं." आवाज अगदी हळू होता. "कंपनीचं जाऊ दे. मशीनच्या आवाजात बोललात तरी चालेल मला, सवय होईल. पण तीन दिवस दार लावून माझ्यासाठी काय बोललात, ते तरी लिहून द्या. सगळं नको. एक लिहा."

दादाने पाटी ओढून घेतली. पेन टेकवलं. बराच वेळ ते तिथेच टेकून राहिलं, पाटीवर काळा ठिपका मोठा होत गेला. मानेतून श्वास जोरात यायला लागला. मी खिडकीकडे तोंड केलं. 'पान्याला' म्हणून ठेवलेल्या फाइलीत काय होतं, हे मला त्या क्षणी फार विचारावंसं वाटलं. पण कुठल्या तोंडाने विचारणार?

त्याने लिहिलं, "आठवत नाही," आणि पाटी वहिनींकडे फिरवली.

वहिनींनी दोन शब्द होते ते खूप वेळ वाचले. मग "बरं" म्हणाल्या. उठल्या, खुर्ची नीट आत सरकवली. "तुमचं सूप गरम करते. भावोजी, तुम्हालाही चहा ठेवते," म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून नळाचा आवाज आला, पूर्ण सोडलेल्या नळाचा.

अठरा वर्षांपूर्वीच्या कुठल्या पेटीत किती संत्री नासकी निघाली, हे ज्याला आजही तोंडपाठ आहे, त्याला सहा आठवड्यांपूर्वी बायकोला काय सांगितलं ते आठवत नाही. मी त्याच्याकडे बघितलं. त्यालाही कळलं की मला पटलेलं नाही. त्या 'चुकलेल्या वाक्यां'खेरीज आयुष्यभर भावाशी खोटं बोलायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

त्याने पाटी पुसली आणि माझ्यासाठी लिहिलं. अक्षर वाकडं, कारण ही पाटी हातात येईपर्यंत या माणसाने जन्मात पेट्यांच्या आकड्यांखेरीज काही लिहिलं नव्हतं.

"सगळं आठवतं. ते बोलायचं होतं. लिहून होत नाही मला."

मी वाचलं. माफ कर म्हणायला गेलो तर त्याने हात वर केला, नको म्हणून. मग तळहाताने पाटी पुसली, एकदा, आणि डाग राहिला म्हणून पुन्हा एकदा. वहिनी सूप घेऊन आल्या तेव्हा पाटी कोरी होती, आणि मी त्यांना काही सांगितलं नाही.